सच्छिद्र इलेक्ट्रोड आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर

ओल्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच स्रवलेल्या लिबलिबीत द्रव्यात रुतून बसलेल्या जिवाणूंच्या वस्तीला जैवपटल म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या पिंपाला आतून हात लावला की बुळबुळीत लागते ते हेच. दातांवरचे किटणही हेच. हा थर डोळ्यांना दिसण्याआधी विजेच्या साह्याने ओळखण्याच्या प्रयत्नांची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. मात्र त्यानंतर बराच काळ इलेक्ट्रोडवर बसणारा थर म्हणजे मापनातली घाण, असेच मानले गेले.

डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दातांवरील किटणातल्या सूक्ष्म जीवांचे वर्णन कळवले. व्हिनेगरने दात धुतले तरी किटणाच्या बाहेरच्या अंगाचेच जीव मरतात, आतले तगतात, हेही पुढे त्याच्या लक्षात आले. थरातला जिवाणू मोकळ्या जिवाणूपेक्षा चिवट असतो, याची ही पहिली नोंद म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मजीवशास्त्राने तिच्याकडे लक्ष दिले नाही. रोगाचा जिवाणू शुद्ध रूपात वेगळा काढून वाढवणे, हे त्या काळाचे ध्येय होते आणि चिखलासारखा मिश्र थर त्या शिस्तीत बसत नव्हता. 1933 मध्ये आर्थर हेन्रिसीने पाण्यात काचपट्ट्या बुडवून ठेवल्या व त्यांवर जमणारे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. 1943 मध्ये क्लॉड झोबेलने घन पृष्ठभागाचा जिवाणूंच्या व्यवहारावर होणारा परिणाम दाखवला. पण हा विषय सर्वांपुढे आला तो 1978 मध्ये, विल्यम कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जिवाणू कसे चिकटतात यावर लिहिले तेव्हा.

विजेचा धागा वेगळ्याच हातांनी विणला जात होता. जिवाणू वाढू लागले की ते मोठ्या रेणूंचे लहान, विद्युतभारित तुकडे करतात आणि द्रवाची वाहकता बदलते. हा बदल जी. एन. स्ट्युअर्टने 1899 मध्ये मोजला. 1911 मध्ये डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणूंच्या द्रवात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून क्षीण विद्युतदाब मिळवला. 1931 मध्ये बार्नेट कोहेनने असे अनेक घट जोडून 35 व्होल्टपर्यंत मजल मारली; प्रवाह मात्र जेमतेम 2 मिलिअँपिअर. 1934 मध्ये नेदरलँड्समध्ये फॉन वोल्झोगेन क्यूर यांनी जमिनीत पुरलेले ओतीव लोखंडाचे नळ कुजण्यामागे सल्फेट क्षपण करणारे जिवाणू असल्याचे मांडले. धातू आणि जिवाणू यांच्यात विजेचा व्यवहार चालतो, हे त्यातून उद्योगांना कळले, तेही नळ फुटल्यावर.

तिसरा धागा सच्छिद्रतेचा. विल्यम ग्रोव्हने 1842 च्या आपल्या वायुघटात काळ्या, भुरभुरीत प्लॅटिनमचा थर चढवलेले पत्रे वापरले. कोलराउशच्या वाहकतामापनातही असेच इलेक्ट्रोड आले. एवढ्याशा पत्र्यावर प्रत्यक्ष पृष्ठभाग कितीतरी पट मिळतो, हा त्यामागचा हिशेब. 1963 मध्ये रॉबर्ट डी लेव्हीने या हिशेबाला गणिती रूप दिले. रंध्र म्हणजे लांब, अरुंद बोळ; त्यातला द्रव हा रोध आणि भिंतीवर साठणारा भार ही धारिता. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता जास्त असेल, तर संकेत बोळाच्या तोंडापाशीच विरतो. वारंवारता कमी केली की तो खोलवर उतरतो. म्हणून एकाच इलेक्ट्रोडवर वारंवारता बदलत गेल्यास रंध्राची खोली जणू काठीने चाचपता येते.

हे धागे जोडणारा प्रयोग 1984 चा. अतिवाहकतेवरील कामासाठी 1973 चे नोबेल मिळवलेले इव्हार गिएव्हर आणि चार्ल्स कीज यांनी सोन्याच्या लहान इलेक्ट्रोडवर प्राण्यांच्या पेशी वाढवल्या व इम्पीडन्समधल्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधातल्या, बदलावरून त्यांचे चिकटणे-पसरणे टिपले. इलेक्ट्रोडवर काहीतरी बसते, हा दोष न राहता तीच वाचण्याची गोष्ट ठरली. जिवाणूंना हीच रीत लावताना एक अडचण होती. सपाट धातूवर एकेका मायक्रोमीटरचे विरळ जिवाणू पसरले, तर फरक फारच थोडा पडतो. कार्बनच्या तंतूंचा नमदा, ग्राफाइटचा फेस किंवा सच्छिद्र सोने घेतले, की त्याच आकारात कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो. 2003 मध्ये डॅनियल बाँड आणि डेरेक लव्हली यांनी जिओबॅक्टर जिवाणू ग्राफाइटला चिकटून थेट त्यालाच इलेक्ट्रॉन देतात हे दाखवले. अशा जिवाणूंचा थर जाड होऊ लागला की प्रवाह आपोआप वाढतो. तिथे थर स्वतःच स्वतःची वार्ता देतो.

रंध्राच्या मापावर सगळे अवलंबून असते, आणि खरे कौशल्य इथेच लागते. दहा-वीस मायक्रोमीटरची रंध्रे जिवाणूंना आत घेतात. तिथे थर साचला की द्रवाचा मार्ग अरुंद होतो आणि इम्पीडन्स बदलतो. काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटरच्या रंध्रांत जिवाणू शिरूच शकत नाही, मात्र त्याने सोडलेले लहान रेणू शिरतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जखमांत आणि कॅथेटरवर थर करणारा जिवाणू पायोसायनिन नावाचे निळे-हिरवे रंगद्रव्य सोडतो. पुवातले हे रंगद्रव्य फोर्डोस यांनी 1860 मध्ये वेगळे केले आणि 1882 मध्ये कार्ल गेसार्ड यांनी त्यामागचा जिवाणू. पायोसायनिनचे ऑक्सिडीकरण-क्षपण ठरावीक विभवाला होते, त्यामुळे त्याचे शिखर विभव-प्रवाहाच्या आलेखात ओळखू येते. मोठी प्रथिने बाहेरच राहतात म्हणून नॅनोरंध्री सोने रक्तद्रवातही तुलनेने स्वच्छ राहते.

प्रत्यक्ष नळांत आणि शीतकरण मनोऱ्यांत मात्र चुन्याचा खर, गंज आणि गाळही रंध्रे बुजवतात. नुसत्या इम्पीडन्सवरून जिवाणू कोणते आणि खर कोणता, हे सांगता येत नाही; म्हणून इम्पीडन्सच्या जोडीने ऑक्सिडीकरण-क्षपणाचा संकेत, तापमान आणि वाहकताही नोंदवतात. शिवाय ज्या रंध्रांनी संवेदनशीलता दिली, त्यांतूनच जुना थर काढणे सर्वांत कठीण जाते. सपाट धातूसारखा नमदा पुसता येत नाही. क्लोरीन किंवा विद्युतदाब देऊन धुतल्यावरही आतले अवशेष उरतात आणि पुढच्या मापनाची आधाररेषा सरकते. त्यामुळे असे इलेक्ट्रोड अनेकदा ठरावीक काळाने बदलावे लागतात.