कांदेबागेत कांदा नसतो

परवा रावेरहून काकांचा फोन. "तुह्या कंप्युटरले कांदेबाग नाई समजत का रे?"

झालं असं, की ग्राहकांना उत्तरं देणारे चॅटबॉट बनवायला मी सध्या शिकतोय. सरावासाठी खतांच्या दुकानाचा एक बॉट केला आणि काकांना वापरायला दिला. त्यांनी विचारलं, "कांदेबागेला खत कधी द्यायचं?" पठ्ठ्याने कांद्याचं अख्खं वेळापत्रक पाठवलं! आमच्याकडे जून-जुलैत लावलेली केळी म्हणजे मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातली म्हणजे कांदेबाग. त्यात कांदा औषधालाही नसतो. माझ्या बॉटने 'कांदे' एवढंच पाहिलं होतं.

ही खोड जुनीच. 1966 साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जाहीर केला. तोही वाक्यातला एखादा शब्द पकडून ठरावीक साच्यातलं उत्तर द्यायचा. समजत काहीच नव्हतं. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलता बोलता त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? वायझेनबाउम हादरले. यंत्र करू शकतं म्हणून प्रत्येक काम त्याच्यावर सोपवायचं का, हा प्रश्न त्यांनी 1976 च्या पुस्तकात मांडला.

आपल्याकडे 21 जानेवारी 2004 ला किसान कॉल सेंटर सुरू झालं. तिथे फोनवर माणूस, आणि तोही आपल्या भाषेत बोलणारा. 2013 साली मुंबईत सुरू झालेल्या हॅप्टिकमध्येही आधी पडद्यामागे माणसंच उत्तरं देत. पुढे मार्च 2020 मध्ये त्याच कंपनीने सरकारसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर कोरोनाचा बॉट केला. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि 2023 साली पीएम-किसानचा 'किसान ई-मित्र'.

आताची यंत्रं शब्दापलीकडचा संदर्भही बऱ्यापैकी पकडतात. पण चुकली तरी इतक्या ठामपणे बोलतात की ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही. काका हसले, कारण त्यांचा जन्म केळीत गेलाय. पहिल्यांदाच बाग लावणारा एखादा पोरगा असता तर? त्याने ते खत टाकलंही असतं.

म्हणून दोन बदल केले. खात्री नसेल तर बॉट आता उलट विचारतो, "केळीबद्दल विचारताय का?" आणि तेवढ्यानेही जमलं नाही, तर दुकानदाराचा नंबर देतो. शिकवणीत हा धडा शेवटी होता. मी तो पहिला केलाय.

असो. काकांनी पुढचा प्रश्न तयार ठेवलाय म्हणे. मला आत्तापासूनच धडकी भरली आहे!