खाण्यातील चोखंदळपणा

खाण्यातील चोखंदळपणा म्हणजे ठरावीक चवीचे, वासाचे वा पोताचे मोजकेच पदार्थ खाण्याची आणि अनोळखी पदार्थ टाळण्याची सवय होय. ती बहुधा बालपणी दिसते. काही व्यक्तींमध्ये प्रौढपणीही टिकते. तीमुळे वजन घटल्यास वा पोषणाची गंभीर कमतरता उद्भवल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये नजीकच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणी पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी आढळली. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत येथील बाळे वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या ठेवणीचा संबंध भारतीयांतील मधुमेहाच्या धोक्याशी जोडला. त्यामुळे केवळ सडपातळ असणे हे आरोग्याचे लक्षण ठरत नाही.

आहार व हालचाल

नवा पदार्थ आग्रह न करता, थोडा थोडा, आवडीच्या पदार्थासोबत अनेकदा वाढल्यास रुची निर्माण होऊ शकते. उदाहरणार्थ, मेथी थालिपिठात किंवा गाजर कोशिंबिरीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दररोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवते. पुण्यात पर्वती, तळजाई व वेताळ टेकडीवर पायी फिरण्याचा प्रघात आहे.