धुरात गेलेलं तेल

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पोतंभर भुसा आणायचा. शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती तो ठासून भरायचा, मग बाटली अलगद वर ओढून घ्यायची आणि खालून काडी लावायची. आजीच्या आठवणींत ही भुशाची शेगडी हमखास यायची. सोबत दोन तक्रारीही असायच्या: डोळ्यांची आग आणि भिंतीवरचा काळा, चिकट थर. कितीही घासा, तो निघत नसे.

तो थर म्हणजे वाया गेलेलं इंधन होतं, हे मला फार उशिरा कळलं.

लाकूड पेटण्याआधी तापतं आणि त्यातून वाफा निघतात. हवा लागू न देता ते तापवलं, तर मागे कोळसा उरतो. वाफा थंड केल्या की त्यातल्या बऱ्याच भागाचा गडद तपकिरी द्रव होतो आणि बाकीचा वायूच राहतो. सावकाश तापवलं तर कोळसा जास्त मिळतो. कोरडा भुसा सुमारे ५०० अंश सेल्सिअसला झटकन तापवून वाफा लगेच थंड केल्या, तर वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळू शकतो. हेच जैवतेल.

युक्ती जुनीच आहे. रसशास्त्रातल्या पाताळयंत्रात वरच्या भांड्यात बिब्बे, त्यावर गोवऱ्यांची आग आणि जमिनीत पुरलेल्या भांड्यात ठिबकणारं तेल, अशीच रचना असते.

कारखान्यातली गोष्टही पुण्याशी जोडलेली आहे. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १८८३ साली इंजिनिअर झालेल्या विश्वेश्वरय्यांच्या पुढाकारानं म्हैसूर संस्थानात भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना उभा राहिला. तिथली भट्टी लाकडी कोळशावर चालायची. कोळसा करताना निघणाऱ्या वाफा सोडून न देता त्यांतून मिथेनॉल, डांबर आणि कॅल्शियम ॲसिटेट मिळवलं जाई. कारखाना सुरू झाला १९२३ मध्ये. नेमकं त्याच वर्षी जर्मनीत बीएएसएफनं वायूंपासून कृत्रिम मिथेनॉल बनवायला सुरुवात केली. ते स्वस्त पडलं आणि लाकडाचं मिथेनॉल हळूहळू मागे पडलं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा आपल्याकडे मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या. थेट लाकूड न वापरता कोळसा घेण्याला कारण होतं: लाकडातून निघणारं डांबर इंजिनात चिकटून बसतं. आजीच्या भिंतीवरचा थर, तोच हा.

मग हे तेल पंपावर का नाही? कारण त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं, ते आम्लधर्मी असल्यानं लोखंड खातं, साठवलं की घट्ट होत जातं आणि वजनाला वजन धरलं तर डिझेलच्या निम्मीही ऊर्जा देत नाही. शुद्ध करायचं तर खर्च वाढतो.

पुण्यातच आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं वेगळी वाट काढली. उसाच्या पाचटापासून कोळसा करायच्या त्यांच्या भट्टीत निघणाऱ्या वाफा तिथेच जळतात आणि पुढचं पाचट तापवतात. या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेल मिळत नाही, पण तो धूर कुणाच्या डोळ्यांतही जात नाही.

टिंबर मार्केटमधून जाताना करवतीखाली साचलेला भुसा दिसला की मी आता हिशेब मांडतो: किती तेल, किती कोळसा. मग आजी आठवते. भद्रावतीला धूर पकडायला यंत्रं होती. आजीच्या स्वयंपाकघरात तो पकडायला फक्त भिंत होती, आणि आजी.