निवृत्तीनंतरचा समुद्र



या वेळी रेडिओवर नौदलातल्या एका अधिकाऱ्याची आठवण सांगायची, असं आम्ही शेंदूरजनाघाटच्या बैठकीत ठरवलं, तर एक काकू लगेच म्हणाल्या, "अवं माय, इथं बोअरले पानी लागत नाही अन् तुम्ही समुद्र सांगता!" सगळ्या हसल्या. काकूंचं खरंच आहे. आमच्यापैकी निम्म्या बायांनी समुद्र पाहिलेलाच नाही. तरी ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कशी ते ऐका.

मनोहर प्रल्हाद आवटी यांचा जन्म १९२६ सालचा. देश स्वतंत्र व्हायच्या आधीच ते नौदलात गेले. १९७१ च्या बांगलादेश युद्धात ते 'कामोर्ता' या युद्धनौकेचे कप्तान होते. बंगालच्या उपसागरात शत्रूची वाट अडवण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले, मुंबईला पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३ साली निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी नावाचं गाव आहे. तिथं ते राहायला गेले. समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस दुष्काळी गावात!

इथवरची गोष्ट शूर अधिकाऱ्याची. आम्हाला मोल वाटतं ते यापुढच्या वर्षांचं.

त्यांच्या मनात एक इच्छा होती. भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून, एकट्याने, पृथ्वीला फेरी मारावी. अशी फेरी मोजायची तर साधारण चाळीस हजार किलोमीटर अंतर कापावं लागतं आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका या तिन्ही खंडांची दक्षिणेकडची टोकं ओलांडावी लागतात. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने कुठेही न थांबता एकट्याने ही फेरी पुरी केली. जगात असं करणारा तो पहिला. आणि त्याची 'सुहेली' होडी कुठं बांधलेली? आपल्या मुंबईत! होडी इथली, पण फेरी मारणारा आपला कोणी नाही.

आवटींच्या हाती आता हुकूम नव्हता. नोकरीत असताना एका शब्दावर जहाजं हलायची; निवृत्तीनंतर फक्त मागणं उरलं. बँकेत कर्जासाठी खेटे घातलेल्या बायांना या 'मागण्या'चा अर्थ वेगळा सांगायला नको. नौदलाने ही मोहीम मनावर घेतली २००६ साली, म्हणजे त्यांच्या निवृत्तीला तेवीस वर्षं झाल्यावर. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

जायला तयार झाले दिलीप दोंदे, नौदलातले पाणबुडे अधिकारी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी होडी तयार झाली. नदीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं 'म्हादेई'. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांना थांबत १९ मे २०१० ला परतले. एकट्याने फेरी पुरी करणारे ते पहिले भारतीय. तीन वर्षांनी अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता तीच फेरी केली.

आपल्या गावच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणाऱ्या बाया आहेत. कलम कुणाच्या वावरात जाईल, त्याला फळ कधी लागेल, हे त्यांना ठाऊक नसतं. आवटींनी बांधलेल्या डोळ्याला आणखी एक फांदी फुटली. १० सप्टेंबर २०१७ ला 'तारिणी' या होडीतून सहा जणी गोव्याहून निघाल्या. कप्तान होत्या वर्तिका जोशी, आणि सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती, ऐश्वर्या, विजया देवी, पायल गुप्ता. यांतल्या कितीतरी जणी उत्तराखंड, हिमाचल, मणिपूर अशा बिनसमुद्राच्या मुलखातल्या! काकू, ऐकताय ना? त्यांना तयार केलं ते दोंदे यांनीच. वाटेत वादळं आली, परतीला सुकाणू बिघडलं म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला, सहाही जणी सुखरूप घरी आल्या.

ते वर्ष संपायच्या आत, ४ नोव्हेंबरला, आवटी विंचुर्णीत वारले. वय ९२. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच 'तारिणी'तून फेरी पुरी केली. ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

नोकरीत असताना आवटी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेही प्रमुख होते. तेव्हा तिथं मुलींना प्रवेश नव्हता. २०२२ पासून आहे, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून शिकून बाहेर पडल्या. बैठकीत हे सांगितलं तेव्हा दोन-तीन आयांनी वही काढली. तुम्हीही लिहून घ्या. परीक्षा वर्षातून दोनदा असते. बारावीत शिकणारी मुलगीही अर्ज करू शकते, पण लग्न झालेलं नसावं. नौदलात जायचं असेल तर अकरावी-बारावीला विज्ञान शाखा आणि गणित हवं, म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच घरात बोला. मुलींना या अर्जाची फी लागत नाही.