ऊर्जा-दरपत्रक, लघुव्यवसायांचे (ब्रिटन) : बाह्य माहितीप्रणालींची जोडणी

छोट्या व्यवसायाला वीज किंवा नैसर्गिक वायू कोणत्या दराने मिळेल याचे दरपत्रक तयार करण्यासाठी मीटरची नोंद, घाऊक बाजारभाव, वितरण-जाळ्याचे आकार, कर आणि ग्राहकाची पत यांविषयीची माहिती निरनिराळ्या संस्थांच्या प्रणालींतून मागवून एकत्र करणारी संगणकीय व्यवस्था. ही व्यवस्था ग्रेट ब्रिटनमध्ये चांगलीच विकसित झाली आहे. तेथील वीजउद्योगाचे खासगीकरण १९८९ च्या कायद्याने झाले आणि १९९८-९९ मध्ये टप्प्याटप्प्याने घरगुती व छोट्या व्यावसायिक ग्राहकांनाही पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली. घरगुती ग्राहकांसाठी ऑफजेम ही नियामक संस्था जानेवारी २०१९ पासून दराची कमाल मर्यादा ठरवते. केशकर्तनालय, उपाहारगृह, बेकरी, वाणसामानाचे दुकान यांना मात्र ती मर्यादा लागू नाही, त्यामुळे त्यांचा दर प्रत्येक करारागणिक नव्याने ठरतो. महाराष्ट्रात दुकानदाराचा वीजदर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशात छापलेला असतो, आणि मुंबईच्या उपनगरांत पुरवठादार निवडता येत असला तरी निवडीतल्या दोन्ही कंपन्यांचे दर आयोगच ठरवतो, म्हणून इथल्या छोट्या ग्राहकाला दरपत्रके मागवून तुलना करण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

मीटरची ओळख. दरपत्रकातील बहुतेक गंभीर चुका दराच्या सूत्रात होत नाहीत; त्या चुकीचे मीटर धरल्यामुळे होतात, आणि म्हणून या प्रणालीचे पहिले काम ग्राहकाने सांगितलेला पत्ता नेमक्या मीटरशी जुळवणे हे असते. विजेच्या प्रत्येक जोडणीला ‘एमपॅन’ नावाचा १३ अंकी क्रमांक असतो, ज्याचे पहिले दोन अंक वितरण-विभाग दाखवतात (उदाहरणार्थ, १२ म्हणजे लंडन) आणि शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. पहिल्या बारा अंकांना क्रमाने ३, ५, ७, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१ आणि ४३ या मूळ संख्यांनी गुणून बेरीज करतात, बेरजेला ११ ने भागतात आणि उरलेल्या बाकीचा एकं स्थानचा अंक तेराव्या अंकाशी जुळतो का ते पाहतात. टंकताना एखादा अंक चुकला तर तो या कसोटीत जवळजवळ नेहमी पकडला जातो. पण दुकानाच्या वरच्या मजल्यावरील सदनिकेचा बिनचूक क्रमांक कोणी दिला तर ही कसोटी त्याला निमूटपणे पास करते. म्हणून क्रमांक मिळाल्यावरही तो उद्योगाच्या मध्यवर्ती चौकशी-सेवेत तपासून तिथला पत्ता आणि मीटरचा वर्ग ग्राहकाला दाखवणे व त्याचा होकार घेणे अगत्याचे ठरते. वायूसाठी ‘एमपीआरएन’ हा ६ ते १० अंकी क्रमांक असून त्याची नोंद एक्सोसर्व्ह या संस्थेच्या सेवेतून मिळते. या सेवा सर्वांना खुल्या नाहीत. मध्यस्थाला ग्राहकाच्या वतीने पुरवठादाराकडून माहिती घ्यायची असेल तर त्याच्याकडे ग्राहकाचे लेखी अधिकारपत्र असावे लागते.

वापराचा अंदाज. वर्षाला किती युनिट लागतील (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) हा आकडा विजेच्या बाबतीत ‘अंदाजित वार्षिक वापर’ आणि वायूच्या बाबतीत ‘वार्षिक प्रमाण’ या नोंदींतून येतो. दोन्ही नोंदी मागच्या वाचनांवर बेतलेल्या असतात, म्हणून जागेत भाडेकरू बदलला की त्या आधीच्या धंद्याचे वर्णन करत राहतात: जिथे पूर्वी कपड्यांचे दुकान होते तिथे उपाहारगृह सुरू झाले, तरी नोंद काही काळ कपड्यांच्या दुकानाचीच राहते. वायूच्या नोंदीत आणखी एक जुना सापळा आहे. मीटरने मोजलेल्या घनमीटरांना १.०२२६४ या सुधार-गुणकाने व वायूच्या उष्मांक-मूल्याने गुणून आणि ३.६ ने भागून युनिट काढतात. पण जुनी मीटरे शंभर घनफुटांच्या मापात मोजतात, आणि तशा एका मापात २.८३ घनमीटर असतात. नोंदीत मीटरचा प्रकार चुकीचा लिहिला गेला असेल तर वापर जवळजवळ तिप्पट किंवा एक-तृतीयांश दिसतो आणि त्यावर बेतलेले संपूर्ण दरपत्रक निरुपयोगी ठरते. ग्राहकाच्या ताज्या बिलावरील आकड्याशी नोंद ताडून पाहिली तर ही चूक काही क्षणांत उघडी पडते, आणि ज्या प्रणाली हा ताळा घेत नाहीत त्या, प्रस्तुत लेखकाच्या मते, दर सांगण्यास पात्र नाहीत.

दराचे थर. ग्राहकाला दिसतो तो युनिट-दर आणि दिवसागणिक स्थिर आकार. त्यांच्या आत घाऊक विजेची किंमत, पारेषण व वितरणाचे वहन आकार, प्रणालीच्या समतोलाचा खर्च, नवीकरणीय ऊर्जेच्या व क्षमता-बाजाराच्या योजनांची वर्गणी, पुरवठादाराचा नफा आणि मध्यस्थाचे कमिशन असे अनेक थर असतात. प्रत्येक थराचे आयुष्य वेगळे आहे, आणि जोडणीचे खरे कौशल्य ते आयुष्य ओळखण्यात आहे. वितरण कंपन्यांचे आकार एप्रिलपासून वर्षभरासाठी लागू होतात व सुमारे पंधरा महिने आधी जाहीर होतात, म्हणून ते स्वतःच्या साठ्यात उतरवून ठेवता येतात. नवीकरणीय प्रकल्पांशी केलेल्या किंमत-फरक करारांची वर्गणी तिमाहीला बदलते. घाऊक भाव मात्र दिवसभर हलत असतो. सगळे थर एकाच नियमाने साठवणारी प्रणाली एकतर शिळा भाव सांगते, नाहीतर न बदलणाऱ्या माहितीसाठी बाहेरच्या सेवेला विनाकारण पुन्हापुन्हा हाक मारते. पुरवठादारांकडून दर दोन रीतींनी येतात: छोट्या ग्राहकांसाठी विभाग, मीटर-वर्ग व वापराच्या टप्प्यांनुसार आखलेले दरतक्ते, आणि मोठ्या वापरासाठी प्रत्येक जागेचा स्वतंत्र भाव. दरतक्ते अजूनही बऱ्याचदा स्प्रेडशीटच्या रूपात ईमेलने येतात, त्यामुळे एकाच पडद्यावर एक दर या क्षणीचा आणि दुसरा सकाळचा असे होऊ शकते. म्हणून प्रत्येक दरासोबत तो कधीचा व कधीपर्यंत ग्राह्य हे लिहिणे आवश्यक असते.

वेळेच्या नोंदीचे मोल २०२२ च्या भाववाढीत सर्वांच्या लक्षात आले. सरकारने १ ऑक्टोबर २०२२ ते ३१ मार्च २०२३ या काळात व्यावसायिक ग्राहकांना दिलासा देताना घाऊक घटकाची आधारभूत किंमत विजेसाठी मेगावॅट-तासाला २११ पौंड व वायूसाठी ७५ पौंड धरली, आणि स्थिर दराच्या करारावरील सवलत तो करार कोणत्या दिवशी झाला त्या दिवसाच्या घाऊक किमतीवरून काढली. ज्यांच्याकडे कराराच्या तारखेची चोख नोंद होती त्यांनाच आपल्या बिलातील सवलत बरोबर आहे की नाही हे तपासता आले.

कर. हवामान-बदल आकार हा कर २००१ पासून व्यावसायिक वापरावर आहे. पण विजेचा वापर दिवसाला सरासरी ३३ युनिटांच्या आत असेल तर तो आकार लागत नाही आणि मूल्यवर्धित करही २० ऐवजी ५ टक्के लागतो. वर्षाचे ते १२,०४५ युनिट होतात. म्हणजे वार्षिक अंदाज ११,९०० असला काय आणि १२,३०० असला काय, युनिट-दर तोच राहून शेवटची रक्कम बरीच बदलते, आणि प्रत्यक्ष आकारणी अंदाजावर न होता बिलाच्या काळातील वापरावर होते. सीमेवरच्या ग्राहकाला दोन्ही रकमा दाखवणे हाच प्रामाणिक मार्ग.

पत आणि कमिशन. पुरवठादार आधी ऊर्जा देतो व नंतर पैसे घेतो, म्हणून दर देण्यापूर्वी तो ग्राहकाची पत पाहतो. नोंदणीकृत कंपनीची माहिती कंपनीज हाउसच्या खुल्या सेवेतून आणि पतमापन संस्थांकडून मिळते, पण एकट्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्याची अशी नोंद नसल्याने त्याला पुष्कळदा अनामत भरावी लागते किंवा काही पुरवठादारांचे दर दिसतच नाहीत. पत-तपासणी दरपत्रकानंतर केली तर दुकानदाराला आधी एक दर दाखवून मग तो नाकारला जातो. ती आधीच करणे त्याच्या वेळेचा मान राखणारे आहे. मध्यस्थाचे कमिशन बहुधा युनिटमागे काही पेन्स असे दरातच मिसळलेले असते. वर्षाला २०,००० युनिट वापरणाऱ्या उपाहारगृहाला युनिटमागे एक पेनी म्हणजे वर्षाचे २०० पौंड, आणि तीन वर्षांच्या करारात ६०० पौंड. १ ऑक्टोबर २०२२ पासून सूक्ष्म व्यवसायांच्या कराराच्या मुख्य अटींत ही रक्कम स्पष्ट दाखवणे पुरवठादारांवर बंधनकारक झाले. सूक्ष्म व्यवसाय म्हणजे दहापेक्षा कमी नोकर आणि वीस लाख युरोपर्यंत उलाढाल किंवा ताळेबंद असलेला, अथवा वर्षाला एक लाख युनिटांपर्यंत वीज किंवा २,९३,००० युनिटांपर्यंत वायू वापरणारा व्यवसाय. या नियमामुळे दरपत्रक-प्रणालीला कमिशन हा वेगळा घटक म्हणून जपावा लागतो. एकदा बेरजेत विरघळलेला आकडा नंतर खात्रीने बाहेर काढता येत नाही.

अर्ध्या तासाची आकारणी. विजेचा हिशेब दिवसाच्या ४८ अर्ध्या तासांत होतो, परंतु छोट्या ग्राहकांचा प्रत्यक्ष वापर तसा मोजला जात नसल्याने त्यांना ठरावीक वापर-आलेखांच्या वर्गांत बसवत आले. वर्ग ३ मध्ये पहाटे भट्टी पेटवून दुपारी दार लावणारी बेकरी आणि संध्याकाळी गजबजणारे मद्यगृह दोन्ही येतात, व पुरवठादार दोघांना एकाच आलेखाने जोखतो. एप्रिल २०१७ पासून मोठ्या मागणीच्या वर्ग ५ ते ८ मधील ग्राहकांना अर्ध्या तासाच्या हिशेबात आणण्यात आले. उरलेल्या सर्वांसाठी ऑफजेमने २०२१ मध्ये निर्णय दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मीटरांचे स्थलांतर सुरू झाले. यापुढे दरपत्रक-प्रणालीला एका वार्षिक आकड्याऐवजी वर्षाची १७,५२० मापे स्मार्ट मीटरकडून मागवता येतील, आणि बऱ्याच विभागांत कामाच्या दिवशी दुपारी चार ते सात या वेळेत वहन आकार सर्वांत जास्त असल्याने बेकरीची वीज पुरवठादाराला मद्यगृहाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते हे दरात उतरवता येईल. मात्र इतक्या बारीक मापांतून दुकान कधी उघडते, कधी बंद होते आणि आत किती वेळ काम चालते हेही कळते, म्हणून ती मापे कोणाकडे आणि किती काळ राहणार याची नोंद ग्राहकाच्या अधिकारपत्रातच हवी.