निकालावर अनुदान : इंग्रजी लेखनाच्या परीक्षेचा एक इतिहास

मुलाला भाषा लिहितां येऊं लागली, हें ओळखावयाचें कशावरून? अक्षर वळणदार आहे यावरून, शब्दांत चूक नाहीं यावरून, नाम कोणतें व क्रियापद कोणतें हें तें बिनचूक सांगतें यावरून, कीं मनांत आलेली गोष्ट दुसऱ्याला समजेल अशा रीतीनें त्यानें कागदावर उतरविली यावरून? हा प्रश्न प्रत्येक प्राथमिक शाळेंत रोज उभा राहतो. परंतु एका देशानें या प्रश्नाचें उत्तर सरकारी नियमांच्या भाषेंत लिहून काढलें, त्याला पैशाची जोड दिली, आणि जवळजवळ तीस वर्षें तें आपल्या शाळांतून राबवून पाहिलें. तो देश म्हणजे इंग्रजीचें माहेरघर असलेलें इंग्लंड. स्वतःचीच भाषा स्वतःच्या मुलांना शिकवितांना व तिची परीक्षा घेतांना इंग्रजांना काय अनुभव आला, हें पाहणें उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील गरिबांच्या शाळा मुख्यतः धर्मसंस्थांनीं चालविलेल्या असत. १८३३ पासून सरकार त्यांना मदत देऊं लागलें. ही मदत वाढत चालली, तसा पार्लमेंटांत प्रश्न निघूं लागला कीं, एवढ्या पैशाच्या मोबदल्यांत पदरांत काय पडतें? न्यूकॅसलचे ड्यूक यांच्या अध्यक्षतेखालीं १८५८ सालीं एक आयोग नेमण्यांत आला. शाळा वरच्या वर्गांतील मोजक्या मुलांकडे लक्ष पुरवितात आणि खालच्या वर्गांतील पुष्कळ मुलांना साधें वाचन-लेखनहि धड येत नाहीं, असा अभिप्राय त्यानें १८६१ मध्यें दिला. ही तक्रार अगदींच निराधार नव्हती. शिक्षणखात्याचे सूत्रधार रॉबर्ट लो यांनीं तिच्यावर जालीम उपाय योजिला. १८६२ ची ‘सुधारित नियमावली’ ती हीच. ही व्यवस्था स्वस्त नसली तर कार्यक्षम तरी होईल आणि कार्यक्षम नसली तर स्वस्त तरी पडेल, अशा आशयाचें आश्वासन लो यांनीं पार्लमेंटाला दिलें होतें.

नियमावलीचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख होता. सरासरी हजेरींतील प्रत्येक मुलामागें ४ शिलिंग. आणि सहा वर्षांवरील ज्या मुलाच्या सकाळ-दुपारच्या मिळून २०० हून अधिक हजेऱ्या भरल्या असतील, त्याच्यामागें आणखी ८ शिलिंग. मात्र हे आठ शिलिंग हातीं पडण्यापूर्वीं त्या मुलाला सरकारी तपासनिसापुढें उभें राहावें लागे. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकीं ज्या विषयांत तें नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागें २ शिलिंग ८ पेन्स कापले जात.

मुलांच्या सहा इयत्ता पाडल्या होत्या, आणि प्रत्येक इयत्तेंत ‘लेखन’ म्हणजे काय, हें स्पष्ट सांगितलें होतें. पहिलींत ऐकलेलीं लहान व मोठीं अक्षरें पाटीवर किंवा फळ्यावर काढावयाचीं. दुसरींत एक छापील ओळ हस्ताक्षरांत उतरावयाची. तिसरींत वाचलेल्या परिच्छेदांतील एक वाक्य शब्दाशब्दानें सांगितलें जाई, तें लिहावयाचें. चौथींत व पांचवींत पुस्तकांतील वाक्य थोडथोड्या शब्दांनीं एकदांच सांगून लिहवून घेत. आणि सहावींत वर्तमानपत्रांतील एखादा साधा परिच्छेद. एवढ्यावर लेखन संपलें! या साऱ्या क्रमांत मुलानें स्वतःचें असें एकहि वाक्य लिहून दाखवावयाचें नव्हतें. शुद्धलेखन हेंच लेखन ठरलें, कारण त्यांतील चुका बोटांवर मोजतां येत.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. पूर्वीं प्रशिक्षित शिक्षकाच्या पगाराला सरकारकडून थेट जोड मिळे; आतां सर्व अनुदान शाळेच्या चालकांकडे जाऊं लागलें, आणि पुष्कळ ठिकाणीं शिक्षकाचा पगार त्या अनुदानाशीं बांधला गेला. मुलाच्या चुकलेल्या वाक्यांत शिक्षकाला आपल्या घरची चूल दिसूं लागली. वर्षभर तेंच वाचनपुस्तक, तींच वाक्यें, तेंच शुद्धलेखन! पुस्तक मुलांना इतकें पाठ होई कीं, तपासनीस बोट ठेवील तें पान तीं धडाधडा म्हणून दाखवीत. हुशार मूल पास होणारच, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होई; मंद मुलावर परीक्षेचा दिवस उजाडेपर्यंत भडिमार चाले. सरकारचा खर्च मात्र खरोखरच उतरला. १८६१ सालीं सुमारें ८ लाख १३ हजार पौंड असलेलें अनुदान १८६५ सालीं सुमारें ६ लाख ३७ हजार पौंडांवर आलें. आश्वासनाचा उत्तरार्ध तरी खरा झाला.

या व्यवस्थेचा सर्वांत जाणता टीकाकार त्याच खात्यांत नोकरीस होता. कवि व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड हे १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळांचे तपासनीस होते. नियमावली अमलांत येण्यापूर्वींच, १८६२ च्या मार्च महिन्यांत, त्यांनीं एका मासिकांत निनांवी लेख लिहून तिच्यावर हल्ला चढविला. आणि पुढें आपल्या वार्षिक अहवालांतून ते पुन्हां पुन्हां सांगत राहिले कीं, पास होणाऱ्यांची संख्या वाढविण्याची युक्ति शाळांना साधली आहे, पण शाळांतील बुद्धीचें चैतन्य ओसरलें आहे.

व्याकरणाची कथा याहून गमतीची आहे. तीन विषयांत त्याला स्थान नव्हतें, म्हणून त्याला पैसा नव्हता. आणि पैसा नाहीं म्हणून तें पुष्कळ शाळांत मागें पडलें. ही चूक ध्यानांत आल्यावर १८६७ सालीं व्याकरण, भूगोल, इतिहास अशा विषयांसाठीं जादा अनुदान जाहीर झालें, आणि १८७५ पासून व्याकरण हा संबंध वर्गाचा विषय म्हणून मान्य झाला. तेव्हां व्याकरणाच्याहि पायऱ्या पडल्या : खालच्या इयत्तेंत नामें ओळखावयाचीं, मग विशेषणें व क्रियापदें, त्यापुढें शब्दांचें व्याकरण चालवावयाचें, आणि शेवटीं वाक्यपृथक्करण. हें व्याकरण ज्या परंपरेंतलें होतें, तिचा मोठा आधार लिंडले मरे यांचें १७९५ सालचें पुस्तक. लॅटिनच्या अभ्यासांतून आलेली चौकट इंग्रजीवर बसवून नियम पाठ करावयाचे आणि अशुद्ध वाक्यें शुद्ध करावयाचीं, ही रीत त्या पुस्तकानें घरोघर नेली.

येथें आर्नल्ड यांचें मत विसरून चालणार नाहीं. परीक्षेच्या पैशाचे ते कट्टर विरोधक. पण व्याकरण चालविण्याचे ते पक्षपाती होते. शाळेंतील इतर बहुतेक काम स्मरणशक्तीचें असतें, व्याकरणांत मात्र मुलाला थोडा विचार करावा लागतो, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे दोष व्याकरणाचा नव्हता. विचार करावयास लावणारा विषयहि ठरीव प्रश्नांच्या व ठरीव अनुदानाच्या घाण्याला जुंपला, कीं त्याची घोकंपट्टी होते, हें खरें दुखणें होतें.

या इतिहासाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांनीं मराठीची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर केली. पुढें १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांतहि खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावरून अनुदान देण्याची पद्धति आली, आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढें अनुदानाच्या निरनिराळ्या पद्धतींबरोबर तिचीहि चर्चा झाली. व्याकरणाची चौकट व परीक्षेचा हिशेब, अशीं दोन्हीं इंग्लंडचीं बियाणीं या भूमींत पडलीं.

इंग्लंडांत मात्र वारें फिरलें. १८७० नंतरच्या नियमावल्यांत वरच्या इयत्तांसाठीं लहानसें पत्र किंवा ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहिणें आलें. १८९० च्या नियमावलीनें मुलागणिक शिलिंग मोजण्याची पद्धति बहुतांशीं मोडली, आणि शतक संपण्यापूर्वीं तिचे अवशेषहि गेले. व्याकरणाची सक्ति सुटतांच तें अनेक शाळांनीं टाकून दिलें. पैशानें आणलेला विषय पैशाबरोबर गेला! त्या पद्धतींत स्वतः तपासनिसाचें काम केलेले एडमंड होम्स यांनीं १९११ सालीं पुस्तक लिहून तिनें शिक्षक व विद्यार्थी या दोघांनाहि कसें यंत्र बनविलें, हें परखडपणें मांडलें. १९२१ सालीं सर हेन्री न्यूबोल्ट यांच्या समितीनें इंग्रजीच्या अध्यापनाविषयीं अहवाल दिला, त्यांत मुलाच्या स्वतःच्या बोलण्याला व लिहिण्याला मानाचें स्थान मिळालें.

तरीहि प्रश्न मिटला नाहीं. २०१३ सालीं इंग्लंडांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठीं व्याकरण, विरामचिन्हें व शब्दांचीं रूपें यांची स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. २०१६ पासून तिचें स्वरूप असें ठरलें : व्याकरण व विरामचिन्हें यांचे पन्नास गुण, आणि वाक्यांत घालून वाचलेले वीस शब्द लिहावयाचे. मुलाच्या निबंधाचें मूल्यमापन मात्र वर्गशिक्षकाकडे ठेवण्यांत आलें. १८६२ पेक्षां हा निश्चित शहाणपणा होय. परंतु गुणांच्या आंकड्यांत दिसतें त्याकडे शाळेचें लक्ष आधीं जातें, हा मनुष्यस्वभाव दीडशें वर्षांत पालटलेला नाहीं. नुसतें वाक्यरचनेचें व्याकरण शिकविल्यानें मुलांचें लेखन सुधारतें, याला फारसा पुरावा नाहीं, असा निष्कर्ष २००४ सालीं यॉर्क विद्यापीठांतील अभ्यासकांनीं अनेक संशोधनांचा आढावा घेऊन काढला होता.

महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी आलें, तेव्हां हा इतिहास परका राहिला नाहीं. घरोघरीं मुलाच्या वहींतील लाल खुणा मोजल्या जातात, आणि चुका सांपडूं नयेत म्हणून मूल ठरलेलीं दहा वाक्यें पाठ करून तींच लिहितें. शुद्धलेखन हवें, व्याकरणहि हवें. त्यांवांचून लिहिणें पांगळें राहतें. पण तीं लेखनाचीं साधनें आहेत, आणि साधनांची मोजदाद सोपी असते म्हणून तीच परीक्षा होऊन बसते. मुलाचें लेखन पारखण्याचा मार्ग अवघड असला तरी एकच आहे : त्यानें आपल्या गाईविषयीं, गल्लीविषयीं किंवा हरवलेल्या चेंडूविषयीं स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी कोणीतरी शांतपणें वाचावयाच्या, आणि त्यांत काय सांगितलें आहे तें आधीं पाहून चुकांकडे मग वळावयाचें. त्याला वेळ लागतो. लो यांच्या हिशेबांत त्या वेळेला रकाना नव्हता. शाळेच्या व घरच्या हिशेबांत तो असला पाहिजे.