शीग, सूट आणि परतावा : वऱ्हाडातील किराणा-व्यवहार आणि गिऱ्हाइकाचा लाभ

वाणसामानाच्या खरेदीत दोन पैसे वाचवावेत ही इच्छा आजची नव्हे. परंतु ते दोन पैसे कोठे वाचतात, मापात, किमतीत, की पुढे केव्हातरी मिळावयाच्या परताव्यात, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेले आहे. या बदलाचा लेखी पुरावा विखुरलेला आहे. किरकोळ दुकानदाराच्या वह्या जपून ठेवण्याची चाल आपल्याकडे नाही, आणि गॅझेटियरांच्या कर्त्यांना कापसाच्या गाठींची जितकी आस्था होती तितकी मापटेभर डाळीची नव्हती. भाषेने मात्र या व्यवहाराच्या खुणा जपल्या आहेत. बाजारातून नाहीशी झालेली रीत शब्दांत शिल्लक राहते आणि तिचा मूळ अर्थ विसरूनही लोक तो शब्द वापरीत असतात.

वऱ्हाडातील खामगाव हे या दृष्टीने पाहण्याजोगे ठिकाण होय. गावाच्या व्यापाराचा आरंभ सुमारे १८२० चा सांगितला जातो. काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने मांडली ती तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांच्या खरेदी-विक्रीसाठी. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आला. १८६७ मध्ये खामगावात नगरपालिका झाली आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा लोहमार्गाचा फाटा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. एके काळी हा वऱ्हाडातील सर्वांत मोठा कापूस-बाजार होता. कापूस घेऊन येणारा शेतकरी रिकाम्या गाडीने परत जात नाही. तो मीठ, तेल, गूळ, कापड घेऊन जातो. म्हणून कापसाची मोठी पेठ ही ओघानेच किराण्याचीही पेठ होते. एकच माणूस सकाळी विकणारा आणि दुपारी घेणारा असतो. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

धान्य, डाळी, मीठ ही मापाने देण्याची रीत होती तेव्हा मापाच्या काठावर जो निमुळता ढीग राही त्यास शीग म्हणत. शीग लावून दिलेले माप आणि सपाट केलेले माप यांत लक्षणीय अंतर पडते. माप जितके तोंडाशी रुंद तितके अंतर अधिक. गिऱ्हाइकाचा लाभ तो हा. त्यासाठी वेगळी किंमत नव्हती, जाहिरात नव्हती आणि कोणास काही जपून ठेवावे लागत नव्हते. माप भरले जात असता तो डोळ्यांना दिसे. मापटेभर घेणाऱ्या मजूरणीलाही तिच्या मापापुरती शीग मिळे आणि पायल्यांनी घेणाऱ्या सावकारालाही त्याच्या मापापुरती. ‘शिगोशीग भरलेले’ हा शब्दप्रयोग आज धरणांच्या जलाशयासाठी सर्रास केला जातो. जलाशयाला शीग असू शकत नाही याची आठवण कोणालाच राहिलेली नाही.

तराजूच्या व्यवहारातही असाच एक अलिखित लाभ होता. मालाचे पारडे किंचित खाली जाईपर्यंत दुकानदार जिन्नस टाकीत राही. हे झुकते माप. गिऱ्हाईक घरून तेलाचे भांडे आणी, त्याचा आधी धडा करावा लागे, म्हणजे भांड्याच्या वजनाइतके वजन दुसऱ्या पारड्यात घालून तराजू समतोल करावा लागे. धडा चोख झाला तरच घेतलेले तेल पुरे मिळे. तराजूची पारडी मुळातच असमान असल्यास हलक्या बाजूला जो खडा किंवा तुकडा बांधीत तो पासंग. ‘पासंगालाही न पुरणे’ ही तुच्छतादर्शक लकब तेथूनच आली. भाजी घेतल्यावर कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकणे, किंवा वाण्याने बरोबर आलेल्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवणे, हाही याच कुळातील प्रकार. त्याला दान म्हणता येत नाही, कारण तो न मिळाल्यास गिऱ्हाईक मागून घेई. आणि किंमत म्हणता येत नाही, कारण त्याची नोंद कोठेच होत नसे.

या जुन्या व्यवहाराचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. शीग जिच्या हाती तिची. माप भरणाऱ्याचा हात सैल सुटला तर ढीग उंच होतो, आखडला तर बसका होतो. आणि धान्य विकावयास आणणाऱ्या शेतकऱ्याकडून घेताना हाच ढीग व्यापाऱ्याच्या बाजूचा होई. कापूस वजनाने विकला जाई, तरी तेथेही हीच तऱ्हा. पोत्याच्या वजनासाठी म्हणून कडता कापला जाई, त्याखेरीज तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय अशी वजावट होत जाई. घेणाऱ्याला जे ‘वर’ मिळे त्यालाच विकणारा ‘कपात’ म्हणत असे. किरकोळ दुकानात गृहिणीला मिळणारी मूठभर डाळ आणि अडतीवर शेतकऱ्याच्या मालातून जाणारे शेरभर वजन यांचा उगम एकाच वृत्तीत आहे : वजन-माप हे नियमाने ठरलेले नसून समोरासमोर ठरावयाचे असते, आणि ज्याची गरज कमी त्याच्या बाजूने ते झुकते.

ही गोष्ट शासनाच्या ध्यानात प्रथम आली ती कापसाच्या निमित्ताने. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. भारतातील बाजार-नियंत्रणाचा इतिहास या वऱ्हाडी कायद्यापासून सांगण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. १९२८ च्या शेतकी कमिशनने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, तेव्हा वऱ्हाडचा अनुभव त्याच्यासमोर होता. पुढे १९६३ चा महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन कायदा झाला. म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूने माप निश्चित करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. घेणाऱ्या गृहस्थाचा विचार मात्र फार उशिरा झाला.

गृहस्थाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सवलत कोणती असे विचारले, तर वऱ्हाडी शेतकरी कुटुंबाचे उत्तर ‘उधारी’ हेच आले असते. कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीस येतो आणि पैसा त्यानंतर हाती लागतो. तोवर पावसाळ्याचे चार महिने चूल वाण्याच्या खात्यावर पेटते. खात्यावरचा भाव रोखीच्या भावाहून चढा असे हे सर्वांना ठाऊक होते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दुकानादुकानांतून टांगलेली असे आणि पाटीखालीच खात्याची वही असे. शीग आणि गुळाचा खडा यांचे खरे कार्य येथे उघड होते. ज्याचे खाते या दुकानी आहे तो दुसरीकडे जाऊ नये यासाठीची ती गोड साखळी होती.

या साऱ्या व्यवहाराची परिभाषा पाहिली तर तिच्यात दोन थर दिसतात. शीग, झुकते माप, धडा हे शब्द मापाचे आहेत. कसर, बट्टा, सूट, सवलत हे शब्द पैशाचे. कसर हा अरबी शब्द. मोडणे, तुकडा, अपूर्णांक हा त्याचा मूळ अर्थ. हुंडी वटविताना कापली जाणारी रक्कम ती कसर, आणि ‘काट’ जोडून झालेली काटकसर ही मराठी गृहिणीची भूषणावह कला. बट्टा हा नाण्यांच्या अदलाबदलीतील. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत असता एका रुपयाचे दुसऱ्यात रूपांतर करताना तो द्यावा लागे, आणि चांदीच्या व्यापारासाठी नाव मिळविलेल्या खामगावास या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही. सूट हा ‘सुटणे’पासूनचा. नापिकीच्या वर्षी साऱ्यात मिळे ती सूट, आणि वसुली नुसती पुढे ढकलली तर ती तहकुबी. सरकारदरबारचा हा शब्द दुकानाच्या फळीवर येऊन बसला, तो जणू किंमत हाही एक सारा असून दुकानदार त्यातील काही भाग माफ करीत आहे अशा थाटात. सवलतीच्या मुळाशी फारसीमार्गे आलेला ‘सुहूलत’ हा अरबी शब्द आहे व त्याचा अर्थ केवळ सोय असा आहे.

मापाचे शब्द मागे पडून पैशाचे शब्द पुढे आले याचे एक निश्चित कारण सांगता येते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने-मापे आली, आणि १९६२ पर्यंत शेर, मण व पायली यांचा व्यापारातील कायदेशीर आधार गेला. किलोग्रॅमला शीग नसते. वजन पुरे झाले की झाले. वर टाकलेला जिन्नस आता चुकीत जमा होऊ लागला. मापाच्या अनिश्चिततेतून शेतकऱ्याची सुटका होण्यास याने मोठा हातभार लागला हे मान्य केलेच पाहिजे; परंतु त्याच फटक्यात गिऱ्हाइकाला मिळणारा डोळ्यांदेखतचा लाभही गेला, आणि त्याची जागा अन्य कशाने तरी भरून निघणे क्रमप्राप्त झाले.

ती जागा भरण्याचा एक मार्ग सहकाराने दाखविला होता. इंग्लंडातील रॉचडेल येथे २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस सभासदांनी आपले दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ असा मोजका माल. त्यांनी भाव पाडले नाहीत. बाजारभावाने, रोखीने आणि पुऱ्या मापाने विकावयाचे व तिमाहीअखेर उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत करावयाचा, असा त्यांचा नियम होता. खरेदीवरील परतावा या कल्पनेला खरे सामर्थ्य येथे लाभले. आजच्या दुकानांची ‘गुण’ जमविण्याची पद्धत तिच्याशी बाह्यतः जुळते. अंतर इतकेच, की रॉचडेलमध्ये परतावा घेणारा दुकानाचा मालकही होता आणि हिशेब पाहण्याचा त्याला हक्क होता.

भारतात १९०४ चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरता होता, तरी त्याच वर्षी मद्रासेत ट्रिप्लिकेन सोसायटीने ग्राहक-भांडार सुरू केले. इतर प्रकारच्या संस्थांना कायद्याने वाव मिळाला तो १९१२ मध्ये. मुंबईत नायगाव येथे १९४८ मध्ये कामगारवस्तीतून ‘अपना बाजार’ निघाला. १९६२ नंतर केंद्र सरकारच्या साहाय्याने शहरोशहरी ग्राहक-भांडारे निघाली. त्यांपैकी कित्येक टिकली नाहीत. व्यवस्थापनाचे दोष हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण कापूसपट्ट्यात आणखी एक कारण होते. सहकारी भांडार रोखीचे, आणि गिऱ्हाईक उधारीचे. वर्षाअखेर मिळणाऱ्या परताव्यासाठी आषाढातील उधारी सोडणे ज्याला परवडते, तो मुळात पगारदार असावा लागतो.

पगारदारांनीच पुढचा प्रयोग केला. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. संगीतकार सुधीर फडके यांचाही या चळवळीत सहभाग होता. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करावयाचा, महिन्याच्या किराण्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, माल घाऊक घ्यावयाचा आणि आपसांत वाटून घ्यावयाचा : येथे दुकानच नाही, मग सूट देणार कोण? येथे एक शब्दही बदलला. दुकानी येणारा तो गिऱ्हाईक. त्याच शब्दाचे संस्कृत मूळ ‘ग्राहक’ या चळवळीने हक्क मागणाऱ्यासाठी रूढ केले.

दरम्यान माल पुड्यांतून यावयास लागला. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी वेष्टनावर वजन व किंमत छापण्याचे बंधन घातले, आणि १९९० पासून सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापली जाऊ लागली. हेतू अवाजवी किंमत रोखण्याचा होता व तो काही अंशी सफलही झाला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की सुटीला मोजपट्टी मिळाली. छापील किमतीहून इतके कमी, असे म्हणावयास प्रथम छापील किंमत असावी लागते. आणि ती छापतो उत्पादक स्वतःच. चहाच्या पुड्याबरोबर चमचा, साबणाच्या तीन वड्यांवर चौथी, अशी शीग आता कारखान्यातूनच बांधून येऊ लागली. २००२ मध्ये पवई येथे पहिले दालन उघडणाऱ्या डी-मार्टने तर रोजच छापील किमतीहून कमी दर ही रीतच केली.

‘कूपन’ हा शब्द याच काळात नव्या अर्थाने घरोघर पोचला. फ्रेंचमध्ये ‘कापणे’ या क्रियापदावरून तो आला असून मूळचा अर्थ कर्जरोख्याची कापून द्यावयाची व्याजाची चिठ्ठी असा आहे. १८८७ च्या सुमारास अमेरिकेत कोका-कोलाचा एक पेला फुकट देणारी चिठ्ठी निघाली, तेथपासून त्याचा दुकानदारी अर्थ चालू झाला. आपल्याकडे मात्र १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यापासून असल्या चिठोऱ्यांचा संबंध टंचाईशी जडला होता. मर्यादेहून अधिक मिळणार नाही असे सांगणाऱ्या कागदाचे नाव, अधिक घ्याल तर स्वस्त मिळेल असे सांगणाऱ्या कागदाला मिळाले. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या नव्या प्रकाराला मात्र ‘परतावा’ हा तयार शब्द असता लोक ‘कॅशबॅक’च म्हणतात, बहुधा रॉचडेलच्या अर्थाने काही परत येत नाही हे भाषेला कळले असावे.

कायद्याने या ‘फुकट’ शब्दाची दखल १९८४ मध्ये घेतली. मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथांच्या कायद्यात त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने, ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली आहे ती फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. ग्राहक संरक्षण कायद्यात ही व्याख्या पुढे आली आणि २०१९ च्या कायद्यातही ती आहे. या व्याख्येने शीग आणि भेटवस्तू यांतील फरक नेमका पकडला असे म्हणता येईल.

तरीही एक गोष्ट व्याख्येबाहेर राहते. पाच किलोंच्या पिशवीवर असलेली सूट पावकिलो घेणाऱ्याला मिळत नाही; ठरावीक रकमेच्या पुढील खरेदीवरचे कूपन रोज मजुरी मिळाल्यावर तेल-मीठ नेणाऱ्या बाईच्या कामाचे नाही; गुण जमविण्यासाठी भ्रमणध्वनी-क्रमांक द्यावा लागतो आणि महिनाभर त्याच दुकानी जावे लागते. मापटेभर घेणाऱ्या मजूरणीच्या वाट्याला येणारी शीग या नव्या पद्धतीत कोठेच नाही. खामगावच्या बाजारपेठेत जुनी किराणा-दुकाने व खात्याच्या वह्या यांची उपयुक्तता अद्याप संपलेली नाही, याचे कारण केवळ सवयीत शोधणे चुकीचे होईल.

अलीकडे एक लहानसा फेरबदल झाला आहे. २०२२ पासून वेष्टनावर एकूण किमतीबरोबरच एकक किंमतही छापावी लागते : एक किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर दर ग्रॅमची, त्याहून अधिक असल्यास दर किलोची. लहान पुडा व मोठा पुडा, सुटीचा व बिनसुटीचा, यांची तुलना त्यामुळे शक्य होते. हा आकडा बहुधा पुड्याच्या मागील बाजूस, बारीक टाइपात असतो.